वारज्यातला समुद्र

रघुकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोसरीत एका कारखान्याच्या गेटसमोर बोलत होते. पिशवीतला फोन तीनदा थरथरला. सुरू केलेलं भाषण अर्ध्यात सोडायचं नाही, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी ते पूर्ण केलं, पत्रकं वाटली आणि मग फोन लावला. सुमनकाकूंनी उचलला. "क्रांती, हे गेले गं," त्या म्हणाल्या. "सकाळी टाकीपाशी स्टुलावर बसले होते. मी चहा नेऊन ठेवला, तो उचललाच नाही…" मागे पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. आणि मग, येताना दूध आणायचं का असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "एवढं सांग, पंप चालू ठेवू का बंद करू?"

मला माहीत नव्हतं. कितीतरी वर्षं त्या घरात जात होते, त्या माशांच्या टाकीशेजारी बसून देशाच्या अर्थव्यवस्थेपासून शेजारच्या सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांची हजेरी घेत होते, पण तो पंप काय करतो हे मला माहीत नव्हतं. तरी मी "चालू ठेवा" म्हणाले. ठाम आवाजात. ठाम आवाज मला कधीही काढता येतो.

त्याला आता पाच आठवडे झाले. एवढे दिवस लिहायला बसत होते आणि उठत होते.

रघुकाका माझे सख्खे काका नव्हेत. ते आणि बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात एकाच टूलरूममध्ये होते. टूलरूम म्हणजे कारखान्याच्या यंत्रांना लागणारे साचे आणि हत्यारं जिथे घडतात ती जागा. तिथली माणसं केसाएवढा फरक बोटाने सांगत. बाबा युनियनचं काम करायचे, त्यामुळे आमच्या घरात पलंगाखाली, कपाटावर, तांदळाच्या डब्यामागे पत्रकांचे गठ्ठे. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. बाबांनी माझं नाव क्रांती ठेवलं आणि रघुकाकांना आयुष्यभराचा उद्योग मिळाला. मी दारात दिसले की आत हाक जायची, "अहो, क्रांती आली, चहा टाका." कधी उशीर झाला तर, "असू दे, क्रांतीला उशीर होतोच, आम्हाला सवय आहे." काका मोठ्याने कधी हसत नसत. चष्म्यावरून बघत, आणि समोरच्याला लागलंय याची खात्री झाली की परत कामाला लागत.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना कंपनीने टूलरूममध्ये छापील फॉर्म वाटले. प्रत्येकाने आपलं काम पायरीपायरीने लिहून द्यायचं होतं. कुठला कट आधी, कुठला नंतर, हात कुठे थांबतो, का थांबतो… अनुभवाची नोंद म्हणे. बाबांना त्यातली मेख लगेच कळली. हे कागद एकदा हातात आले की काम बाहेरच्या शेडमध्ये जाणार आणि माणसं घरी. त्या रविवारी आमच्या घरी पत्रक लिहिलं गेलं आणि त्यातली शेवटची ओळ माझी होती. "आमचं कसब आमच्या हातात आहे, ते कागदावर मिळणार नाही." बाबांनी ती तशीच ठेवली. काकांनी पत्रक दोनदा वाचलं आणि विचारलं, "शेवटचं कुणाचं?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं? मग पाळायला हवं," काका म्हणाले. मला वाटलं, नेहमीसारखी फिरकी घेतायत.

टूलरूममधल्या एकानेही तो फॉर्म भरला नाही. टूलरूम तरीही बंद झाली. देश उघडत होता ना तेव्हा! बाहेरच्या मालासाठी दारं उघडत होती आणि आतल्या माणसांसाठी गेटं बंद होत होती. वर्तमानपत्रांत पहिल्या गोष्टीवर अग्रलेख यायचे, दुसरीवर आतल्या पानात चार ओळी. बाबा कोर्टाच्या तारखा करत राहिले आणि तारखांमध्येच संपले. काकांनी वारज्यात दोन खोल्या घेतल्या. तेव्हा वारजं म्हणजे जवळजवळ गावाबाहेर. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. काका दिवसभर गॅलरीत बसून लोकांचे मिक्सर, पंखे, शिलाई मशीन दुरुस्त करायचे.

माशांकडे ते वळले ते एका बंद पडलेल्या यंत्रामुळे. कर्वे रस्त्यावरच्या शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानदाराने खाऱ्या पाण्याच्या टाकीचं परदेशी फिल्टर त्यांच्याकडे आणलं. सुटा भाग मागवायला महिने लागले असते, तोवर मासे मेले असते. काकांनी ते उघडलं, तासभर बघितलं आणि म्हणाले, "यात आहे काय? नळी, पाणी आणि बुडबुडे. एवढ्यासाठी विमानाने आलं होय हे?" उभ्या नळीत खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडायचे, पाण्यातली घाण बुडबुड्यांना चिकटून फेस होऊन वर चढते आणि वरच्या पेल्यात साठते… इतकंच ते यंत्र. पण बुडबुडे पिठासारखे बारीक हवेत. बाजारातल्या दगडी तुकड्यातून ते मोठे निघायचे. काका मार्केट यार्डात गेले आणि काश्मीरहून येणाऱ्या सफरचंदांची रिकामी खोकी हुंगत, नखाने दाबत फिरले. तिथले हमाल विचारायचे, "काका, सफरचंद सोडून खोकं काय बघताय?" मऊ, सरळ रेषांचं लाकूड सापडलं. त्याचे बोटाएवढे ठोकळे कापून, भोक पाडून, काकूंच्या कुकरमध्ये चार शिट्ट्या काढून उकळले. काकू शेजारणींना सांगायच्या, "आमच्याकडे आज लाकडाची उसळ आहे." हवा कमीजास्त करायला दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीवरची चाकाची चिमटी. खालच्या गाळणीसाठी धान्याची प्लॅस्टिकची कोठी, तीत भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या शेकड्याने भरलेल्या. असं ते घरचं यंत्र विमानाने आलेल्या यंत्रापेक्षा बरं चालायला लागलं. बोलबाला झाला. नळाला येणाऱ्या खडकवासल्याच्या पाण्यात मीठ कालवून समुद्र करून देणारा माणूस, म्हणून लोक त्यांना शोधत यायचे.

एका आयटी कंपनीने आपल्या काचेच्या इमारतीत, स्वागतकक्षात, सहा फुटी समुद्री टाकी बसवली आणि तिची देखभाल काकांकडे आली, तेव्हा आमचं पहिलं मोठं भांडण झालं. मी कॉलेज संपवून पूर्णवेळ चळवळीत पडले होते. मी म्हणाले, "काका, जे काचा पुसायला कंत्राटी बायका ठेवतात, आठवड्याची सुटीही देत नाहीत, त्यांच्या शोभेसाठी तुम्ही राबणार?" काका ठोकळ्याला भोक पाडत होते. त्यांनी फुंकर मारून भुसा उडवला. "मासे काही मॅनेजमेंट नाहीत गं," ते म्हणाले. "त्यांना विचारून आणलं नाही कुणी. पाणी खराब झालं तर ते संपावरही जाऊ शकत नाहीत." मी खूप काही बोलले त्यावर. काय बोलले ते आता आठवत नाही. त्यांची तेवढी दोन वाक्यं आठवतात.

मग मंदी आली. त्याच कंपनीने एका सकाळी कितीतरी मुलांना खोलीत बोलावून लिफाफे दिले. लिफाफे देणारा, नावं वाचणारा माणूस म्हणजे समीर नावाचा त्यांचा मॅनेजर. पुढच्याच महिन्यात खर्च कमी करायचा म्हणून टाकी काढून टाकायचं ठरलं आणि मासे कुठे जातील याची कुणाला पडली नव्हती. समीरने काकांना फोन केला. काका टेम्पो घेऊन गेले आणि ड्रममध्ये पाण्यासकट सगळे मासे वारज्याला घेऊन आले. बाहेरच्या खोलीची एक भिंतच त्या टाकीने खाल्ली. रोजचं लोडशेडिंग, आणि समुद्राला क्षणभर थांबून चालत नाही. काकांनी स्कूटरच्या जुन्या बॅटऱ्या जोडल्या, वरच्या ड्रममधून पाणी आपोआप खाली येत राहील अशा नळ्या टाकल्या, वीज गेली की कुठली तोटी आधी आणि कुठली मागून, आली की हवा किती बोटं मागे घ्यायची, हे सगळं बसवलं. एका कागदावरही त्यातलं काही उतरवलं नाही. मी एकदा सहज म्हटलं, "काका, चित्र काढून ठेवा की." त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

समीर दर रविवारी यायला लागला. त्याने घरी छोटी टाकी केली होती आणि तो शिकायला यायचा. मी रविवारी गेलेली असले आणि तो आला की मी उठायचे. त्याच्याशी एक शब्दही बोलायचा नाही हे मी ठरवून टाकलं होतं. एकदा मी काकांना बाहेर जिन्यात बोलावून म्हणाले, "तुमच्या घरात तो माणूस बसतो हे बाबांना काय वाटलं असतं? त्याने लोकांना रस्त्यावर आणलंय, काका." काकांनी हात पुसले. "आणलंय खरं. आत्ता आत पँट भिजेपर्यंत गुडघ्यांवर बसलाय. तूही बस हवी तर. जागा आहे." मी बसले नाही. पायऱ्या उतरून निघून गेले आणि त्या आठवड्यात उदारीकरणावरचा माझा सगळ्यात कडक लेख लिहिला.

आता ते दिवस, ज्यांच्यासाठी हे लिहायला मला पाच आठवडे लागले.

तेराव्याच्या दिवशी घर धुवायचं ठरलं. काकूंच्या दोन बहिणी आल्या होत्या. सुतक फिटलं, घर स्वच्छ करायचं, ही त्यांची रीत. मी सुतक मानत नाही, हे सगळ्यांना सांगून झालेलंच होतं. पण तेरा दिवस मी तिथे नुसती बसून होते, आणि हाताला काहीतरी काम हवं होतं. टाकीखालच्या कोठीचं झाकण कुणीतरी उघडलं. आतल्या घासण्या तपकिरी, बुळबुळीत झालेल्या. "शी, किती महिने धुतल्या नाहीत यांनी," त्यांतल्या थोरल्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी होत नसणार त्यांच्याच्याने." मला ते फार लागलं. काका थकले होते आणि मी बघितलं नव्हतं! मी पदर खोचला, सगळ्या घासण्या मोरीत काढल्या, नळाखाली धरल्या, भांड्यांचा साबण लावून एकेक पांढरी होईपर्यंत घासली. फेसाची नळीही आतून ब्रशने घासली. दोन तास. सुतक न मानणाऱ्या मीच त्या घरात सगळ्यात जास्त साबण लावला.

संध्याकाळी वरच्या पेल्यात पांढराशुभ्र फेस भराभरा चढला, पेला भरून जमिनीवर उतू गेला. काकू रडतरडत म्हणाल्या, "बघ, किती छान चालतंय. हे असते तर…" आम्ही जुनी चादर आणून जमीन पुसली आणि खूश झालो.

दुसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करायला लागले. अकरा मासे होते. काकूंनी विचारलं, "समीरला फोन लावू का गं? त्याला कळतं यातलं." मी म्हणाले, "गरज नाही." माझ्याच तोंडचे शब्द आहेत हे. मी दुकानांना फोन लावले. एकाने सांगितलं, नवीन फिल्टर घ्या. एकाने सांगितलं, मासे बदला. मी पाणी बदललं. मीठ किती घालायचं ते माहीत नव्हतं, म्हणून बोट बुडवून चव बघत घातलं. चिमटी पिळून बघितली, सोडून बघितली. काकांचे सगळे खण उपसले. स्क्रू, ठोकळे, नळ्यांचे तुकडे, रबरी चकत्या, पण लिहिलेली एक चिठ्ठी नाही. दुपारपर्यंत दोन मासे तळाशी आडवे. संध्याकाळी आणखी तीन. मी त्या खोलीत उभी राहून काकांवर ओरडले, अक्षरशः मोठ्याने ओरडले, "लिहून का नाही ठेवलंत?" आणि ओरडता ओरडताच मला आठवलं का ते. मी भिंतीला टेकून खाली बसले. बहिणी घाबरून आतल्या खोलीत गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला न विचारता फोन लावला. समीर तासाभरात आला. हातात झाकणाची मोठी बादली, दोन्ही हातांनी धरलेली. टाकीत तेव्हा दोन मासे उरले होते. त्याने कोठीचं झाकण उचललं आणि आतल्या पांढऱ्याशुभ्र घासण्यांकडे बघत राहिला.

"या कुणी धुतल्या?"

"मी."

"साबणाने?"

"हो."

त्याने एक घासणी उचलून नाकाशी धरली. मला वाटतं, त्या क्षणी त्याने मला एखादा लिफाफा दिला असता तरी मी घेतला असता. "ओके," तो शेवटी म्हणाला, "ही घाण नसते, मॅडम. म्हणजे… घाणच असते, पण जिवंत. सगळं काम ती करते. माशांचं विष तीच खाते. वरचा फेस म्हणजे नुसता मदतनीस. ही चढायला काकांना दीड महिना लागला होता." मग त्याने बादलीचं झाकण काढलं. आत त्याच्या टाकीतल्या तपकिरी, बुळबुळीत घासण्या होत्या, त्याच्याच टाकीच्या पाण्यात बुडवलेल्या. "माझी टाकी सुरू करताना काकांनी यातल्याच दिल्या होत्या," तो म्हणाला. "तेव्हा या इथल्याच आहेत. मी फक्त सांभाळल्या."

तो गुडघ्यांवर बसला. एकेक घासणी हाताने खाली धरून सोडत गेला. मी पिशवीतून वही काढली, पेन उघडलं. मला प्रत्येक गोष्ट लिहून घ्यायची होती, तोटी, चिमटी, क्रम, सगळं, पुन्हा असं कधी होऊ नये म्हणून. समीरने मान वर केली. "लिहू नका, प्लीज. काकांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. हाताने दाखवायचं, हाताने शिकायचं, कागदावर नाही. मी म्हटलं, काका, मी इंजिनीअर आहे, मला डायग्राम लागतो. तर म्हणाले, नाही, आमच्यातल्या कुणीतरी एकदा लिहिलंय तसं, ते पाळायला हवं. कुणी लिहिलं ते सांगितलं नाही कधी." तो अवघडून हसला. "मी पाळतो बुवा."

मी त्याला सांगितलं नाही. काय सांगणार होते? कंपनीला अडवायला लिहिलेली ती ओळ कंपनीला अडवू शकली नाही. एका माणसाने मात्र ती वर्षानुवर्षं पाळली आणि तिचा अर्थ बदलून टाकला, की ज्याला हवं असेल त्याने यावं, बसावं, हात भिजवावेत. मॅनेजर आला, बसला. ओळ लिहिणारी मी मात्र दर वेळी जिना उतरून गेले. अजूनही समीरने केलं ते बरोबर होतं असं मला वाटत नाही. ज्या मुलांची नावं त्याने वाचली त्यांच्यातल्या दोघांना मी ओळखते. पण त्या सकाळी त्या घरात मदत करू शकणारा तो एकटाच होता, आणि मी त्याला एक दिवस उशिरा येऊ दिलं. त्या एका दिवसात नऊ मासे गेले. हे कुणाच्या धोरणामुळे झालं नाही. माझ्यामुळे झालं.

मी वही पिशवीत टाकली आणि त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. "दाखवा," मी म्हणाले. एवढा एक शब्द मला काकांना कधी म्हणता आला नाही. त्याने माझं बोट चिमटीच्या चाकावर ठेवलं. "आधी ऐका," तो म्हणाला. "हवा जास्त झाली की गुरगुर येते. ती थांबेपर्यंत मागे. थांबली की आणखी जरासं." मी ऐकत होते. काहीच कळत नव्हतं. पाणी, पंप, रस्त्यावरचा टेम्पोचा हॉर्न, आत काकूंचं नाक ओढणं… कितीतरी वेळाने, कुठेतरी, काहीतरी थांबल्यासारखं वाटलं. "हां," समीर म्हणाला, "तिथेच."

दोनपैकी एक मासा त्याच रात्री गेला. एक राहिला आहे, बोटभर लांबीचा, निळा. मी आता रविवारी जाते. समीरही येतो. आम्ही पाण्याव्यतिरिक्त कशावरही बोलत नाही. घासण्यांवर पुन्हा रंग चढतोय, म्हणजे मला तसा वाटतो. परवा वीज गेली आणि तो अजून आला नव्हता. मी एकटीने तोट्या फिरवल्या, पहिल्यांदा चुकीच्या क्रमाने, मग बरोबर. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. "जगेल का गं हा?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत आले. गेटवर, सभेत, छापून, ठाम आवाजात. "माहीत नाही, काकू," मी म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचलून माझ्यामागे आणून ठेवलं. "मग बस," त्या म्हणाल्या. "पाण्याकडे बघ."